पाहिले तेवढेच सांगावे: साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्यापूर्वी

मुंबईच्या उपनगरांतल्या सामान्य माणसाला फौजदारी न्यायालयाची पायरी कधी चढावी लागली, तर ती पुष्कळदा साक्षीदार म्हणूनच. सोसायटीत घरफोडी होते, द्रुतगती मार्गावरचा अपघात डोळ्यांसमोर घडतो, दुकानाशेजारी छापा पडतो आणि पोलीस पंच म्हणून सही करायला बोलावतात. तेव्हाचा जबाब, तेव्हाची सही माणूस विसरून जातो. मग काही वर्षांनी समन्स हातात पडते: अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या दंडाधिकारी न्यायालयाचे, गुन्हा गंभीर असेल तर दिंडोशीच्या किंवा फोर्टमधल्या सत्र न्यायालयाचे. पहिली भीती असते ती उलटतपासणीची. समोरचा वकील शब्दांत पकडेल, चारचौघांत खोटे पाडेल, असे वाटू लागते. या भीतीपायी काही जण समन्स टाळतात आणि काही जण जबाब पाठ करून जातात. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. प्रामाणिक साक्षीदाराची साक्ष मोडते ती सहसा वकिलाच्या हुशारीने नव्हे. आपल्याला नेमके किती ठाऊक आहे ही मर्यादा त्याने स्वतः ओलांडली, किंवा कुणी त्याला ओलांडायला लावली, की ती मोडते. ही मर्यादा ओळखणे हीच साक्ष देण्याची खरी तयारी, हे मुंबईतल्याच दोन गाजलेल्या खटल्यांवरून दाखवता येते.

आधी प्रक्रिया समजून घेऊ. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, पण साक्ष नोंदवण्याचे तीन टप्पे तेच राहिले. साक्षीदार सरकार पक्षाचा असेल तर सरकारी वकील प्रथम सरतपासणी घेतात. तिथे उत्तर सुचवणारा प्रश्न, म्हणजे सूचक प्रश्न, एरवी विचारता येत नाही. ‘आरोपीच्या हातात चाकू होता ना?’ असे नव्हे, तर ‘तुम्ही काय पाहिले?’ असे विचारावे लागते. नंतर बचाव पक्षाचे वकील उलटतपासणी घेतात. तिथे सूचक प्रश्न चालतात आणि साक्षीदाराची सत्यता, त्याची माहिती, त्याची पार्श्वभूमी तपासणारे प्रश्नही विचारता येतात. उलटतपासणीतून काही संदिग्ध राहिले असेल, तर सरकारी वकील फेरतपासणीत खुलासा घेतात. शिवाय अधिनियमाच्या कलम १६८ नुसार न्यायाधीश सत्य शोधण्यासाठी कोणत्याही टप्प्यावर कोणताही प्रश्न विचारू शकतात. उलटतपासणीच्या अखेरीला वकील बहुधा एकामागून एक विधाने ठेवतात: ‘माझे म्हणणे असे आहे की तुम्ही त्या वेळी तिथे नव्हताच’, ‘तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात’. हे ऐकून अनेकांचा तोल जातो. पण आपल्या अशिलाची बाजू साक्षीदारापुढे ठेवणे हे त्या वकिलाचे कर्तव्य आहे. ती ठेवलीच नाही, तर पुढे युक्तिवादाच्या वेळी त्याची अडचण होते. त्यावर ‘हे खरे नाही’ एवढे शांत उत्तर पुरते. त्यात वैयक्तिक अपमान शोधण्याचे कारण नाही.

उलटतपासणी हवीच कशाला, असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर वांद्र्याच्या एका खटल्यात सापडते. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे हिल रोडजवळ एका बेकरीसमोर पदपथावर झोपलेल्या माणसांच्या अंगावर गाडी गेली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. सलमान खान यांच्यावर खटला उभा राहिला आणि त्यांच्या संरक्षणासाठी नेमलेला पोलीस कर्मचारीच मुख्य साक्षीदार ठरला. त्याने त्याच दिवशी दिलेल्या फिर्यादीत मद्यपानाचा उल्लेख नव्हता. तो १ ऑक्टोबरच्या पुढच्या जबाबात आला. हा साक्षीदार २००७ मध्ये मरण पावला. आरोपांचे स्वरूप पुढे अधिक गंभीर झाले, खटला सत्र न्यायालयात नव्याने चालला आणि ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. फिर्यादीत नसलेली महत्त्वाची गोष्ट नंतर आली, म्हणून या साक्षीदारावर विसंबता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. दंडाधिकाऱ्यांपुढे आधी झालेली त्याची साक्ष नव्या, अधिक गंभीर आरोपाच्या खटल्यात वापरणेही न्यायालयाला मान्य झाले नाही, कारण त्या आरोपाबाबत त्याची उलटतपासणी झालीच नव्हती. राज्य सरकारने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. निकालाबद्दल वाचकाचे मत काहीही असो, साक्षीदाराने घ्यायचा धडा उघड आहे. महत्त्वाची गोष्ट पहिल्याच जबाबात यायला हवी. ती मागाहून आली, तर ती खरी असली तरी तिच्यावर ‘सुधारणा’ असा शिक्का बसतो आणि तो पुसणे फार कठीण जाते.

दुसरे उदाहरण पश्चिम रेल्वेच्या प्रत्येक प्रवाशाच्या आठवणीतले आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड-भाईंदर परिसरात लोकलच्या डब्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष मकोका न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांबद्दल न्यायालयाने दिलेली कारणे प्रत्येक भावी साक्षीदाराने वाचावीत अशी आहेत. काही साक्षीदारांनी घटनेनंतर शंभराहून अधिक दिवस गेल्यावर अनोळखी चेहरे ओळखले. इतक्या काळानंतर चेहरा लक्षात राहावा असे कोणतेही विशेष कारण न्यायालयाला दिसले नाही. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता, असे आढळले. एक साक्षीदार गुन्हे शाखेच्या इतरही अनेक प्रकरणांत साक्षीदार होता. बॉम्ब तयार होताना पाहिल्याचे सांगणाऱ्या एकाने उलटतपासणीत आपले म्हणणे बदलले. तीनच दिवसांनी, २४ जुलै रोजी, हा निकाल पूर्वोदाहरण म्हणून वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि अपील विचारात घेतले. अंतिम निकाल अजून लागायचा आहे. पण एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांना निश्चित उत्तर मिळालेले नाही. जी साक्ष मर्यादा सोडते ती आरोपीवर तर अन्याय करू शकतेच, पण पीडितांचाही घात करते.

म्हणून तयारी न्यायालयाच्या दारात नव्हे, पोलिसांपुढच्या पहिल्या जबाबापासून करावी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हा हक्क माहीत असावा आणि गरज पडल्यास नम्रपणे सांगावा. जबाब देताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: डोळ्यांनी पाहिले ते, दुसऱ्याकडून ऐकले ते आणि स्वतः तर्काने काढले ते. ‘तो पळून गेला’ आणि ‘तो जिन्याकडे धावताना दिसला’ यांत फरक आहे. अंतर, प्रकाश, घटना किती क्षण दिसली, चष्मा होता की नाही, हे विचारले नाही तरी सांगावे, कारण पुढे प्रश्न त्यावरच येणार आहेत. जबाब वाचून घ्यावा. न बोललेले वाक्य आत आले असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगावे. तपासातल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. घरी गेल्यावर महत्त्वाचे काही आठवले, तर वेळ न दवडता तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि आधी का सांगितले नाही त्याचे कारणही लिहावे. पहिल्या धक्क्यात गोष्टी राहून जातात, हे न्यायालये जाणतात. त्यांना खटकते ती कारण न देता आलेली भर.

पंचांची जबाबदारी याहून नेमकी आहे. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार देणे गुन्हा ठरते. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरणही सक्तीचे केले आहे. घाटकोपरच्या बाजारातला दुकानदार असो की अंधेरी स्थानकाबाहेरचा फेरीवाला, पंच झाल्यावर त्याने कोऱ्या कागदावर सही करू नये. पंचनामा आधीच लिहून तयार असेल, तर त्यात लिहिलेले आपल्यासमोर घडले का, हे पाहिल्याशिवायही सही करू नये. वस्तू कुठून निघाली, तिला सील आपल्यादेखत लागले का, चिठ्ठीवर आपली सही आहे का, हे मनात नोंदवून ठेवावे. न्यायालयात पंचाला नेमके हेच विचारतात. ‘सही माझी आहे, पण मजकूर मी वाचला नव्हता’ हे उत्तर खरे असेल तर तेच द्यायला हवे. पण ते द्यायची वेळ येऊ नये, म्हणून सहीपूर्वीची पाच मिनिटे खर्ची घालावीत.

साक्षीच्या दिवशी काय करावे? जबाब पाठ करून जाऊ नये आणि कुणाकडून पढवूनही घेऊ नये. तामिळनाडूतल्या एका खून खटल्यात साक्षीदारांना आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावून शिकवल्याचे उलटतपासणीत उघड झाले. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या साक्षी बाजूला ठेवल्या आणि पोलिसांच्या वर्तनावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. बाहेर जबाब वाचून दाखवला का, असे विचारले तर जे घडले ते सांगावे. लपवलेली गोष्ट सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त नुकसान करते. प्रश्न पूर्ण ऐकावा, एका प्रश्नात दोन प्रश्न गुंफले असतील तर वेगळे करून विचारायला सांगावे आणि उत्तर न्यायाधीशांकडे पाहून द्यावे. ‘हो की नाही एवढेच सांगा’ असा आग्रह झाला आणि तसे उत्तर दिल्याने चुकीचा अर्थ निघत असेल, तर न्यायाधीशांची परवानगी मागून एका वाक्यात खुलासा करावा. जुन्या जबाबात एखादे वाक्य नसल्याचे दाखवून ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?’ असे विचारले तर अंदाज करू नये. ‘मी सांगितले होते, ते का लिहिले नाही हे मला सांगता येणार नाही’ किंवा ‘तेव्हा सांगायचे राहिले’, यांतले जे खरे असेल ते बोलावे. साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे, तर कथनाच्या रूपात टंकली जाते, आणि मुंबईच्या सत्र न्यायालयात ती पुष्कळदा इंग्रजीत नोंदवली जाते. त्यामुळे ती पूर्ण झाल्यावर समजेल त्या भाषेत वाचून दाखवली जाणे हा साक्षीदाराचा महत्त्वाचा हक्क आहे. उतरवलेले वाक्य चुकीचे वाटले तर तिथेच सांगावे. न्यायाधीश ते दुरुस्त करतात, किंवा साक्षीदाराचा आक्षेप टिपून ठेवतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: खरे बोलणारा माणूसही तारखा, वेळा, अंतरे यांत चुकतो, वकील त्या चुकांचा डोंगर करतो, मग प्रामाणिकपणाचा उपयोग काय? हा आक्षेप हलका नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात त्याला उत्तर दिले आहे. साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करता येत नाही. घटना अचानक घडते. वेळ आणि कालावधी माणसे अंदाजानेच सांगतात. न्यायालयाच्या वातावरणाने आणि भेदक उलटतपासणीने दबलेला माणूस गोंधळतो. म्हणून मुळाला धक्का न लावणाऱ्या किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे न्यायालय किरकोळ चूक माफ करते, खोटी खात्री माफ करत नाही. ‘साडेसात-आठचा सुमार असेल’ म्हणणाऱ्याला घड्याळावरून कोंडीत पकडता येत नाही. ‘बरोबर सात बेचाळीस’ म्हणणाऱ्याला मात्र त्या मिनिटाचा हिशेब द्यावाच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘नक्की सांगता येणार नाही’, ‘आठवत नाही’ असे साक्षीदार म्हणू लागले तर गुन्हेगार सुटतील, असे अनेकांना मनापासून वाटते. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते, एकट्या साक्षीदारावर नाही. कायदा साक्षीदारांच्या ठरावीक संख्येचा आग्रह धरत नाही. एकच विश्वासार्ह साक्ष पुरू शकते, आणि ती विश्वासार्ह वाटते ती मर्यादा कबूल केल्यामुळेच. जो साक्षीदार चार गोष्टींबद्दल ‘दिसले नाही’ म्हणतो, त्याने ‘दिसले’ म्हटलेली पाचवी गोष्ट वजनदार ठरते. उलट आठवत असूनही ‘आठवत नाही’ म्हणणे ही मर्यादा नव्हे, ती फितुरी आहे. अशा साक्षीदाराला सरकारी वकीलही न्यायालयाच्या परवानगीने उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतात. त्याची साक्ष आपोआप पुसली जात नाही. तिचा विश्वासार्ह भाग न्यायालय वापरू शकते. न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळायची आहे: ठाऊक नाही ते सांगायचे नाही आणि ठाऊक आहे ते लपवायचे नाही.

तिसरा आक्षेप स्त्रिया आणि मुले यांच्याबद्दलचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न हा अनेक वर्षे बचावाचा भाग मानला गेला, हे नाकारता येणार नाही. आज कायदा स्पष्ट आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात संमती सिद्ध करण्यासाठी पीडितेच्या पूर्वायुष्याबद्दल प्रश्न विचारता येत नाहीत. अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने विचारलेले प्रश्न न्यायालयाने रोखलेच पाहिजेत, असे अधिनियमाचे कलम १५५ सांगते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात तर वकिलांनी प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे, अशी व्यवस्था आहे. आक्रमक प्रश्नांना मनाई आहे, मुलाला वारंवार बोलावायचे नाही आणि आरोपी त्याच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी घ्यायची आहे. पण हे रक्षण कागदावरून पिंजऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून या तरतुदी लागू करण्याची विनंती करावी. प्रश्न असभ्य वाटला तर ‘याचे उत्तर द्यायलाच हवे का?’ असे न्यायाधीशांना थेट विचारावे. ते विचारणे उद्धटपणा नाही. आणि असा प्रश्न रोखणे ही न्यायाधीशांची मेहेरबानी नसून त्यांच्यावरचे बंधन आहे.

उरला प्रश्न तारखांचा आणि भीतीचा. रजा काढून बोरिवलीहून फोर्टला जायचे आणि ‘आज साक्ष होणार नाही’ ऐकून परतायचे, याने माणूस खचतो आणि ती तक्रार रास्त आहे. साक्षीदार हजर असताना विशेष कारणे नोंदवल्याशिवाय त्याला न तपासता सुनावणी तहकूब करू नये, असे संहितेचे कलम ३४६ म्हणते. त्याचा उल्लेख करून आपली उपस्थिती नोंदवायला सांगावी. न्यायालय साक्षीदाराचा वाजवी खर्च देण्याचा आदेशही करू शकते. तो मागण्यात संकोच नसावा. धमकी आली तर ती गिळू नये. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. धमकीचा फोन, संदेश, तारीख, वेळ लिहून ठेवून पोलीस ठाण्यात आणि सरकारी वकिलांकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी.

खटल्याचा निकाल साक्षीदाराच्या हातात नसतो, तो तसा असूही नये. त्याच्या हातात असते ती एकच गोष्ट: जेवढे पाहिले, ऐकले, अनुभवले तेवढे भर न घालता आणि काही न वगळता सांगणे. एवढे केले तर कितीही कठोर उलटतपासणी त्याला खोटा ठरवू शकत नाही, कारण तिला पकडायला काही उरत नाही. म्हणून समन्स आले तर टाळू नका. दिलेल्या तारखेला जा, विचारलेले नीट ऐका आणि ठाऊक असलेलेच बोला. नागरिक म्हणून न्यायव्यवस्थेला आपण देऊ शकतो अशी याहून मोलाची दुसरी मदत नाही.